आत्यांना गाडी लागते, म्हणून दीडशे सीसीवर जत

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून इथून पुढं मीही आत्याच म्हणते. तर आत्यांना एसटी लागते, वडापची जीप लागते, चारचाकी तर दार लावल्याबरोबर लागते. लिंबू, आलं, गोळ्या, पुढची सीट, उपाशीपोटी, भरल्यापोटी, सगळे प्रयोग करून झालेत. लागत नाही ती फक्त मोटारसायकल. तोंडावर वारं असलं की त्यांचं पोट गप्प बसतं. सासरे होते तोवर त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर मागं बसून त्या वर्षातून दोनदा माहेरी जाऊन यायच्या. माहेर जत तालुक्यातल्या एका वाडीत, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सासरे चार वर्षांपूर्वी गेले आणि आत्यांचं माहेरी जाणंही थांबलं. मधे एकदा मनाचा हिय्या करून एसटीत बसल्या होत्या. कराडच्या स्टँडवर उतरल्या, तोंड धुतलं आणि माघारी आल्या.

या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला. त्याची आई म्हणजे आत्यांची थोरली बहीण, अक्का. दोघींची आई लवकर गेली, तेव्हा आत्यांना अक्कांनीच लहानाचं मोठं केलं. आता अक्कांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मुलगा हुबळीला कामाला आहे, तो त्यांना कायमचं तिकडं घेऊन जाणार होता. वाडीतलं घर बंद. फोनवर आत्या फक्त "बरं बरं" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मी लोणंदहून कामावरनं आले आणि अंगणात गाडीची चेन पुसत बसले. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हिच्यावर मागं माणूस बसतं का गं?"

आता गाडीबद्दल सांगते, कारण हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक त्यासाठीच येतात. माझी गाडी दीडशे सीसीची, पुढून पूर्ण फेअरिंग म्हणजे प्लास्टिकचं आवरण घातलेली, स्पोर्ट गाड्यांच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. मी लोणंदच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीचं काम करते, साताऱ्याहून रोज जाऊन येऊन. त्यासाठी मला स्कूटर घ्यायची होती. माझा नवरा अमोल फौजेत आहे, त्यानंही फोनवरून स्कूटरच सांगितली होती. शोरूममध्ये स्कूटरच्या शेजारी ही निळी उभी होती. मी तिच्यावर एकदा बसून बघितलं आणि स्कूटरचा विषय संपला.

मी गेलं वर्षभर तिच्यावर खूश आहे. इंजिन खालच्या आरपीएमला शांत, सहा-सात हजारांच्या वर गेलं की जागं होतं. क्लच इतका हलका की दोन बोटांत दाबतो. वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाते. पण ही गाडी एकट्यानं चालवायची. मागची सीट पोळपाटाएवढी, चालवणाऱ्यापेक्षा वीतभर उंच आणि पुढं उतरती. पाय ठेवायची जागाही उंच, त्यामुळं मागच्याचे गुडघे चांगलेच दुमडतात.

"बसतं," मी म्हणाले. "पण दोन्हीकडं पाय टाकून बसावं लागतं. साडीवर नाही जमायचं."

"मग कशावर जमतं?"

"ड्रेसवर."

आत्यांचं वय एकसष्ट. लग्नापासून अंगाला साडीशिवाय दुसरं काही लागलेलं नाही. त्या आत गेल्या, चहा टाकला, माझा कप बाहेर आणून दिला आणि म्हणाल्या, "तुजा मला हुईल का?"

माझा झाला नाही. मग गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतला. गर्द निळी सलवार, गुडघ्याखाली येणारा कुर्ता, ओढणी नाही. मागच्या चाकाजवळ लोंबणारं काहीच नको हे मी पहिल्यांदा सांगितलं होतं. आत्यांनी एकच अट घातली. वाडीच्या अलीकडं कुठंतरी थांबायचं, तिथं त्या साडी नेसणार. "म्हायेरात आसल्या ध्यानात मी शिरणार न्हाई."

निघायच्या आधी आठवडाभर आम्ही तयारी केली. मागचा शॉकॲब्सॉर्बर दोन खाचा कडक केला, नाहीतर दोन माणसं बसल्यावर गाडीचं बूड खाली जातं आणि हेडलाइट आभाळाला लागतो. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी पुस्तिकेत दिली आहे तेवढी हवा भरली. आत्यांचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावेना, मग त्यांनी वेणी घातली. कासच्या रस्त्याला दोनदा सराव केला. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी ब्रेक लावला की त्यांनी दोन्ही तळवे माझ्या कमरेच्या बाजूनं पुढं घेऊन पेट्रोलच्या टाकीवर टेकवायचे. सगळं वजन माझ्या मनगटांवर आलं तर गाडी वळवायची कशी, हे एकदा सांगितल्यावर त्यांना पटलं.

अमोल फोनवर म्हणाला, "आईला पाडू नकोस."

आत्या शेजारीच होत्या. म्हणाल्या, "तुज्या बापानं मला दोनदा पाडलीया. हिनं आजून एकदा बी न्हाई."

शनिवार : सातारा ते कुंडल

फेब्रुवारीचा शेवट, सकाळी अजून गारठा होता. हायवेवर सहापदरीचं काम चालू आहे, त्यामुळं या पट्ट्यात जाणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवा. मधेच डायव्हर्जन, मधेच खडी, मधेच एकदम मोकळा रस्ता. मोकळ्या रस्त्यावर मी सहाव्या गिअरमध्ये सत्तर धरून होते. एकटी असले की पुढच्या काचेमागं वाकते आणि वारा डोक्यावरून जातो. आज तो सगळा मागं उंचावर बसलेल्या आत्यांच्या तोंडावर जात होता. मला काळजी वाटली म्हणून उंब्रजजवळ थांबवून विचारलं.

"वारा लागतोय का लय?"

"मग आलीया कशाला मी?" त्यांनी हेल्मेटची काच खाली केली. "चल."

ओव्हरटेक करताना मात्र या इंजिनाची मर्यादा कळते. एकटी असताना पाचव्यात जे होतं त्यासाठी दोघींना चौथ्यात यावं लागतं, आणि तरी ट्रकच्या बाजूनं पुढं जायला वाटतं त्यापेक्षा जास्त रस्ता लागतो. समोर स्वच्छ दिसल्याशिवाय मी बाहेर काढत नव्हते. सहाव्यात बसून नुसती मूठ पिळून काही होत नाही, हे या वर्गातली गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कराडला मिसळ खाल्ली. आत्यांनी घरून आणलेला शिरा माझ्यापुढं सरकवला आणि स्वतः दोन पाव खाल्ले. मी बघतच राहिले. चारचाकीत असत्या तर आतापर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नसता. बाहेर पंपावर पेट्रोल भरत असताना उसाचा ट्रॅक्टरवाला एक बाप्या गाडीभोवती फिरून आला.

"ॲव्हरेज किती देती?"

"पंचेचाळीस पडतं."

"मग रेसची कशी म्हनायची हिला?"

मी काही बोलायच्या आत हेल्मेटमधून आत्या म्हणाल्या, "रेस लावायला कोन निगालंय? आमी म्हायेरला चाललोय."

तो हसला आणि उसाचं एक कांडं काढून आत्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी कुंडलपर्यंत सोडलं नाही.

कराडहून शेणोलीच्या बाजूनं कुंडलचा रस्ता लागला की दोन्हीकडं ऊस. तोडीचे दिवस असल्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ताभर, आणि रस्त्यात चिरडलेला ऊस. त्यावर टायर निसटतो. अशा जागी गाडी सरळ ठेवायची, ब्रेकला हात लावायचा नाही, हळूच निघून जायचं. या गाडीचं वजन कमी आहे आणि ती म्हणाल तिकडं वळते, म्हणून हे सोपं गेलं.

कुंडल माझं माहेर. दारात गाडी थांबली आणि आत्यांना उतरताच येईना. गुडघे धरले होते. माझ्या खांद्यावर भार देऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, एक पाय सीटवरून निघाला, दुसरा जमिनीवर टेकला. माझी आई ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात आली होती. विहीणबाईंना सलवार-कुर्त्यात बघून तिचा हात मधेच थांबला.

"आवं, तुमी हाय व्हय?" आई म्हणाली. "मला वाटलं हिची कोन मैतरीन आली."

आत्यांना गुडघ्याच्या कळेतही हसू आलं.

संध्याकाळी आईनं त्यांचे गुडघे गरम पाण्यानं शेकले. दोघी विहिणी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. माझ्या भावाला ते बघवेना. तो म्हणाला, "आत्या, सकाळी मी गाडी काढतो. हळूहळू जाऊ, काचा उघड्या ठेवू."

"नको रं बाबा. गाडीत मला नुसता वास आला तरी पुरं हुतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "उद्या मधनं मधनं थांबव. मी जरा चालंन."

रात्री मी आईजवळ झोपले. पंचाहत्तरीच्या बहिणीला भेटायला एकसष्टीच्या बाईला मी अशा सीटवर घेऊन चालले होते, आणि अजून निम्म्याहून जास्त रस्ता राहिला होता. आपण स्कूटर घेतली असती तर, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा मनात आला.

रविवार : कुंडल ते जत आणि पुढं

सकाळी पलूस, तासगाव. रस्ता सुंदर, द्राक्षबागा दोन्ही हातांना. बागेतला माल उतरत होता आणि बेदाण्याच्या शेडवर हिरवी द्राक्षं वाळत घातलेली. तासगावच्या पुढं एका शेडवर पाय मोकळे करायला थांबलो, तर तिथल्या बाईनं ओंजळभर बेदाणे दिले. दर अर्ध्या तासानं थांबत होतो. आत्या उतरायच्या, रस्त्याच्या कडेनं थोडं चालायच्या, मी गाडी ढकलत त्यांच्या मागं. या थांब्यांचा एक फायदा झाला. दोन हातांवर वाकून चालवायची गाडी हळू वेगात मनगटं दुखवते, तीही मोकळी होत गेली.

कवठेमहांकाळ ओलांडलं की ऊस मागं राहतो. रान उघडं पडतं, शाळू काढून कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या दिसतात, आणि पवनचक्क्या सुरू होतात. ज्यांनी फेअरिंगची गाडी अशा माळावर चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरून येणाऱ्या वाऱ्याला ती चिरत जाते, पण बाजूनं आलेला वारा तिला शिडासारखं धरतो. नागजच्या आसपास मी गाडी वाऱ्याकडं कलती ठेवून सरळ जात होते. आत्यांना काही सांगावं लागलं नाही. माझ्याबरोबर त्याही कलत होत्या.

नागजच्या पुढं एक बारका चढ आहे. वर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. वेग साठच्या जवळ होता. वर आलो आणि समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला.

मी दोन्ही ब्रेक लावले. पुढच्या ब्रेकची दांडी बोटांखाली थरथरायला लागली, म्हणजे चाक अडकू न देणारं एबीएस काम करत होतं. ते माझ्या गाडीला फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक डावीकडं सरकलं. आत्यांचं वजन माझ्या पाठीवर आलं आणि त्याच क्षणी कमी झालं. टाकीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे तळवे घट्ट टेकलेले मला दिसले. गाडी सरळ झाली आणि थांबली. हेडलाइटसमोर एक मेंढा उभा होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि चालायला लागला.

गाडी कडेला घेतली. आत्या कशाबशा उतरल्या, एका दगडावर बसल्या आणि हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. चेहरा पांढरा पडला होता. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला होता.

"लागलं का?"

"न्हाई. भ्याले."

मेंढरांमागनं नवरा-बायको धावत आले. बाई आत्यांजवळ बसली, काय झालं ते कानडीत विचारलं. आत्यांनी कानडीतच उत्तर दिलं. मग दोघी बोलतच राहिल्या. लग्नाला सात वर्षं झाली, आत्यांना कानडी येते हे मला ठाऊक होतं, पण असं धो धो बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाजच वेगळा होता, जरा वरचा, पोरीसारखा. बाईनं तांब्यातलं ताक दिलं. निम्मं आत्यांनी घेतलं, निम्मं मला.

मी घाबरलेलीच होते. म्हणाले, "आत्या, इथनं माघारी फिरायचं असलं तर फिरू. भाऊ येईल न्यायला. तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट नाही वाटणार."

"पुडं किती हाय आन मागं किती?"

"मागं लय."

"मग इचारतीस कशाला?"

त्या उठल्या. उठताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जतला एका खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट आमटी, दोघींचं मिळून दोनशेच्या आत. इकडं गेलात तर असल्या साध्या खानावळीतच जेवा. खानावळीच्या बाईनं आतली खोली उघडून दिली, आत्या पिशवीतली साडी घेऊन आत गेल्या, आणि थोड्या वेळानं तशाच बाहेर आल्या.

"काय झालं?"

"साडी नेसली तर एका अंगानं बसावं लागंल. आजून पुडचा रस्ता हाय. त्या मेंढरासारकं परत कायतरी आलं तर?" साडी पिशवीत ठेवत म्हणाल्या, "वाडीच्या अलीकडं हिरीवर नेसंन."

पण विहिरीपर्यंत तसं जाता आलंच नाही. डांबरी सोडून वाडीच्या कच्च्या रस्त्याला लागलो तर टँकरनं चाकोऱ्या पाडलेल्या, आणि टँकरमधलंच पाणी सांडून मधल्या भागात चिखल झालेला. डांबरी रस्त्यासाठीच्या टायरांची, खाली टेकत आलेल्या पोटाची ही गाडी असल्या जागी निरुपयोगी. पहिल्याच चाकोरीत खालून खरकन आवाज आला.

दोन थापा पडल्या. आत्या उतरल्या. सलवार वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि पुढं चालायला लागल्या.

"माज्या मागनं ये. मी पाय ठेवंन तितं चाक घाल."

त्या पुढं, मी मागं, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून. इंजिनाचा पंखा फिरायला लागला, मांड्यांना झळ लागत होती. आत्या मागं न बघता चालत होत्या. कुठं डाव्या कडेनं, कुठं मधल्या उंचवट्यावरून, एका जागी सरळ रस्ता सोडून बांधावरून. त्यांचा गुडघा दुखत होता, तरी पाय कुठं टाकायचा याचा त्यांना विचार करावा लागत नव्हता. या रस्त्यानं त्या पाणी वाहत मोठ्या झाल्या होत्या. गाडी एकदाही अडकली नाही.

विहिरीवर धुणं धुणाऱ्या दोन बायका होत्या. त्यातली एक म्हातारी उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागली. निळा ड्रेस, चिखलाचे पाय, डोक्यावर हेल्मेट. तरी तिनं आत्यांना नावानं हाक मारली.

"कशी वळखलीस?" आत्यांनी विचारलं.

"चालीवरनं."

ती धुणं तसंच टाकून आमच्याबरोबर निघाली. साडी नेसायचं राहून गेलं.

अक्का अंगणात बाजेवर बसल्या होत्या. बारक्या चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. गाडीचा आवाज थांबल्यावर त्यांनी मान वळवली. "यार बंदार?" कोण आलंय, म्हणून विचारलं. आत्या हेल्मेट काढून त्यांच्या पायाशी जाऊन बसल्या आणि डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी केसांवरून हात फिरवला, वेणी चाचपली, कानाची पाळी चाचपली. आणि त्यांना कळलं. दोघी किती वेळ तशाच होत्या. मी गाडीजवळच उभी राहिले, हातमोजे काढायचंही सुचलं नाही.

मग अक्कांचा हात खांद्यावरून खाली आला, कुर्त्याच्या बाहीवर थांबला, काठापर्यंत गेला, सलवारीपाशी थबकला.

"हे काय घाटलीस गं?"

आत्या आखडल्या. विहिरीवरची म्हातारी, शेजारच्या जमलेल्या बायका, सगळ्या बघत होत्या.

"डरेस हाय, अक्का. गाडीवर बसायला."

अक्कांनी कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं. मग कुर्त्याच्या बाजूला हात गेला आणि आतच शिरला. तिथं खिसा होता. खिशात तासगावचे बेदाणे होते, आत्यांनी अक्कांसाठी राखून ठेवलेले. अक्कांनी चार तोंडात टाकले.

"खिसा बी हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "छलो ऐती." बरंय, चांगलंय. "साडीला कवा कुनी खिसा लावला न्हाई."

बायका हसल्या आणि आत्यांचे खांदे सैल झाले. पिशवीतली साडी त्या मुक्कामात बाहेरच आली नाही.

सोमवारची सकाळ

सकाळी अक्कांनी मला जवळ बोलावलं. त्यांना गाडी बघायची होती. मी त्यांचा हात धरून गाडीपाशी नेलं. त्यांनी पुढची काच चाचपली, आरसे चाचपले, टाकीच्या खोबणीत गुडघा कुठं बसतो ते विचारलं. "मान खाली घालून उभारल्या बैलासारकी हाय," म्हणाल्या. मग मागच्या सीटवर हात फिरवला.

"हितं बसून आली व्हय माजी पोर?"

"व्हय."

"सुरू कर."

मी बटण दाबलं. त्या टाकीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या, कान तिकडं देऊन. मी थोडी मूठ पिळली, मग सोडली. त्यांनी मान हलवली.

निघताना रडारड होईल असं मला वाटलं होतं. अक्का रडल्या नाहीत. आत्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "हितं येऊ नको आता. हितं कुलूप आसंल. मी हुबळीत हाय, तितं ये."

आत्यांनी "व्हय" म्हटलं आणि हेल्मेट घातलं. कच्च्या रस्त्यानं त्या पुन्हा पुढं चालल्या. डांबरीला लागल्यावर, मागं बसल्यावर, माझ्या पाठीला हेल्मेट टेकवून त्या रडल्या. वाऱ्यात ऐकू येत नव्हतं, पाठीला कळत होतं. मी पन्नासच्या वर गेले नाही.

येताना मिरज-सांगलीवरून आलो. सांगलीत भडंग घेतलं, पेठनाक्याला चहा, आणि दिवस मावळायच्या आत सातारा. एका दिवसात हा सगळा रस्ता मागच्या माणसानं करू नये असं माझं मत झालंय. आत्यांनी केला. दुसऱ्या दिवशी मात्र त्या अंथरुणातून दुपारीच उठल्या.

घरी आल्यावर

वाचणारे विचारतीलच म्हणून लिहिते. दोघींना घेऊनही गाडीनं चाळिसाच्या वर ॲव्हरेज दिलं, सगळ्या प्रवासाचं पेट्रोल हजाराच्या आसपास झालं. ब्रेक उत्तम, पण पुढच्या वेळी घ्यायची झाली तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घेईन, थोडे जास्त गेले तरी चालतील. इंजिन कुठंही तापून बंद पडलं नाही. खालच्या फेअरिंगला ओरखडा पडलाय, तो मी रंगवून घेतलेला नाही. मागं माणूस घेऊन लांबचा प्रवास करायचा असेल तर ही गाडी घेऊ नका, हे मी प्रामाणिकपणे सांगते. साधी, सपाट सीटची गाडी घ्या. तुमच्या माणसाचे गुडघे तुम्हाला दुवा देतील.

माझ्याकडं मात्र हीच आहे. आधी ती माझी एकटीची होती. कामावरनं येताना वाठारच्या मोकळ्या रस्त्यावर थोडी जोरात पळवायची, एवढाच आमचा संबंध. आता रविवारी आत्या स्वतः तिच्यावरची धूळ पुसतात. शेजारणींना एबीएस म्हणजे काय ते मेंढराची गोष्ट सांगून समजावतात, आणि त्यांचं सांगणं पुस्तिकेपेक्षा बरं आहे.

परवा हुबळीहून अक्कांचा फोन आला. आत्या मेथी निवडत होत्या, फोन स्पीकरवर होता. अक्का सांगत होत्या, तिसऱ्या मजल्यावर घर आहे, सून चांगली आहे, खाली दिवसभर गाड्या वाजतात.

"पर तुमच्यासारकी एक बी वाजत न्हाई," अक्का म्हणाल्या. "मी ऐकत बसते."

आत्यांचे हात थांबले. त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि मला विचारलं, "हुबळीपतुर रस्ता कसा हाय गं?"

"हायवे आहे, सरळ. आपल्या दारावरनंच जातो."

त्यांनी तळवा काढला. "येतो, अक्का," एवढंच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली, दोन-चार पानं खुडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रजा टाक."